चिमीच्या वाटणीचे पाणी

डोणीला हात लावलात तरी चालेल. तिच्यावर बसू नका.

बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की ख्रिस्ती देवळाच्या दारात गुरांना पाणी पाजायची डोण कशाला, आणि तीही फुटकी कशाला. विचारणे चूक नाही. ऐकायला मात्र उभे राहावे लागते, आणि उन्हात उभे राहायची सगळ्यांची तयारी नसते.

दगड एकसंध आहे. चार हात लांब, दीड हात रुंद. या टोकाला तळात भेग आहे बघा, बोट जाईल एवढी. मागे एक नवे पाळकसाहेब आले, त्यांनी ती बुजवायला सिमेंट आणले. चांगल्या मनाने आणले. मी ती पाटी उचलली आणि मागच्या भिंतीला गिलावा केला. या डोणीत पाणी राहत नाही आणि राहू द्यायचे नाही. आमच्या वाडीतला प्रत्येक बाप्तिस्मा मात्र हिच्यावरच होतो. मूल हिच्यावर धरतात, पाणी डोक्यावरून पडते, डोणीत येते आणि भेगेतून जमिनीत जाते. वाडीचे नावही त्यावरून पडले, फुटकी डोण.

मी तीन बुके शिकलेला माणूस आहे. हे कुठे छापलेले नाही. माझ्या आज्याने मला सांगितले, त्याला त्याच्या आज्याने. जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही.

ही गोष्ट मोठ्या दुष्काळातली. तेव्हा इथे अकरा घरे होती. गावाबाहेर राहणारी, नुकतीच ख्रिस्ती झालेली. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. ख्रिस्ती झाल्यावरही होता. म्हणून अकरा घरांनी मिळून मुरमात स्वतःचा आड खणला आणि त्याच्या कडेला गुरांसाठी ही डोण ठेवली. देवळाची ही भिंत आहे ना, तिच्या मागे तो आड होता. आता बुजला आहे.

आडावर राखण होती गेनूची. अंगाने धिप्पाड, बोलायला मोकळा. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेले, तेव्हापासून एकटा. त्याचा थोरला भाऊ सखाराम मंडळीचा पंच होता. अकरा घरांत बाप्तिस्मा न घेतलेला मोठा माणूस एकटा गेनूच. असे नाही की तो मानत नव्हता. उपासनेला पहिला येई, गाणे सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणे. पण बाप्तिस्मा घेत नसे.

त्या वेळी इथे भिवाजी मास्तर उपदेशक होते. ते म्हणे दर सणाला त्याला विचारत, "गेनू, तुझा बाप्तिस्मा कधी रे?"

"मास्तर, बाप्तिस्म्यानं मागची समदी पापं जातात ना?"

"जातात. मनापासून पश्चात्ताप केला तर देव सगळी क्षमा करतो."

"आन् पुढची?"

"पुढची करायची नसतात."

"ते कुणाला जमलंय? सखारामदादालासुद्धा नाही जमलं. मास्तर, पंचा एकदाच धुवायला मिळणार असंल तर तो पुरता मळू द्यावा, मग धुवावा. आज धुऊन उद्या मळवला तर पाणी फुकट. मरायच्या दिवशी घेतो की. स्वच्छ होऊन सरळ वर."

मंडळी हसत. मास्तर हसत नसत. एकदा ते म्हणाले, "आणि त्या दिवशी पाणीच नसलं तर?"

"तुमच्या तांब्यातलं द्या थोडं," गेनू म्हणाला. पुन्हा सगळे हसले. तेव्हा आडात दोन पुरुष खोल पाणी होते.

पुढे तीन वर्षे पाऊस झाला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आडाच्या तळाला फक्त एक झरा राहिला. रात्रभर ठिबकून जेवढे साचे तेवढेच दिवसाचे पाणी. सखारामने नियम केला, माणशी रोज एक तांब्या, लहान असो की मोठा. गुरांना थेंब नाही. गेनूने पहाटेपासून आडावर बसायचे, उजाडल्यावर पाणी ओढायचे आणि सगळ्यांसमोर मापून द्यायचे. गुरे मेली. जी मेली नाहीत ती लोकांनी सोडून दिली. वाडीत एकच बैल राहिला. तो गेनूचा, पाखऱ्या.

लोकांना नवल वाटले नाही. बैल दांडगा होता, आणि गेनू त्याला डोंगरावरून निवडुंग भाजून आणून चारत असे. सगळ्यांना वाटले, निवडुंगाच्या ओलाव्यावर जगतो आहे.

खरी गोष्ट अशी होती, की उजाडायच्या आधी गेनू दोन तांबे पाणी या डोणीत ओतत होता. बैलाचे पिऊन झाले की डोण तो आपल्या पंच्याने पुसून घेई. त्याने पुढे स्वतः सांगितले, की पहिल्या दिवशी चोरी वाटली, दुसऱ्या दिवशी वाटली नाही. मनाशी म्हणायचा, पाऊस आला तर नांगराला बैल पाहिजे, बैल जगला तर वाडी जगेल. आणि म्हणायचा, हेही एक दिवस धुतले जाईल.

तुम्ही शिकलेली माणसे आहात, तुम्हाला ही समजूत वेडगळ वाटेल. तेव्हा ती आमच्यात पुष्कळांची होती. गेनू तेवढा ती बोलून दाखवायचा.

शेजारी रावजी नावाचा माणूस राहत होता. त्याची बायको ठकूबाई, आणि चार वर्षांची एक मुलगी, चिमी. चिमी चाळीस दिवसांची असताना पाळकसाहेबांनी तिला बाप्तिस्मा दिला होता. त्या उन्हाळ्यात तिला ताप आला. तापात ती सारखे पाणी मागे. रावजी आणि ठकूबाई आपल्या तांब्यातले तिला पाजत आणि स्वतः ओठ ओले करून राहत. एका पहाटे रावजी आडावर गेला आणि गेनूला म्हणाला, "पोरगी तापानं फणफणलीय. उद्याच्यातला अर्धा तांब्या आज दे."

गेनूने दिला नाही. त्या वेळी डोण ओली होती, आणि रावजीने ती पाहिली की काय, ही त्याला भीती वाटली.

त्याच दिवशी मापून देताना पहिल्यांदा पाणी पुरले नाही. सखारामने विचारले, "दोन तांबे कमी का? झरा तर तेवढाच आहे."

गेनू म्हणाला, "रावजीला पहाटं आडावर बघितलं."

शब्द खरे होते. रावजी आला होता. पण मागायला आला होता.

पंच बसले. रावजी म्हणाला, "मी पोरीसाठी मागाया गेलो व्हतो."

सखाराम म्हणाला, "मागणारा माणूस उजेडात येतो."

मास्तरांनी पवित्र शास्त्र आणून मधे ठेवले आणि गेनूला म्हणाले, हात ठेवून सांग. गेनूने हात ठेवला आणि सांगितले, रावजीला पाणी काढताना पाहिले. मनात तेच म्हणाला, हेही धुतले जाईल.

रावजीच्या घराचे पाणी दोन दिवस बंद केले.

ठकूबाई उभी राहिली. म्हणाली, "आमचं बंद करा. पोरीचं द्या."

"नियम घराला आहे," सखाराम म्हणाला. "आज एकाला सोडलं तर उद्या आड राहणार नाही."

सखाराम वाईट माणूस नव्हता. कठोर होता. दोन्हींत फरक आहे, पण त्या दिवशी तो दिसला नाही.

रावजी त्याच पावली घागर घेऊन निघाला. सहा कोसांवर नदीच्या पात्रात एक डोह उरला होता. तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी एका बाभळीखाली घागर सापडली. तो सापडला नाही. कोणी काही सांगते, कोणी काही. मला ठाऊक नाही.

शेजारच्या बायांनी चिमीला घोट घोट दिले असेल. फार दिले नसेल, माणशी एकच तांब्या होता. ठकूबाईने कुणाच्या दारात जाऊन मागितले नाही. ती चोराची बायको ठरली होती. चिमी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटी म्हणे ती रागावली होती. आईकडे पाठ करून झोपली आणि म्हणाली, "तू देत नाहीस."

एवढेच. पुढे बोलली नाही.

मूठमाती दिल्यावर ठकूबाईने मास्तरांना विचारले, "ती आता कुठंय?"

"प्रभूजवळ. तिचा बाप्तिस्मा झाला आहे. तिला कसली भीती नाही."

"तिथं पाणी आहे?"

"नदी आहे," मास्तर म्हणाले. "ती कधी आटत नाही. शास्त्रात लिहिलं आहे."

"लिहिलंय?"

"लिहिलंय."

त्या एका शब्दावर तिने पुढचे दिवस काढले असे सांगतात.

घरात मरण झाले की जमीन सारवायची रीत तेव्हा होती. ठकूबाई शेण शोधायला निघाली. वाडीत गुरे नाहीत तर शेण कुठले? ती गेनूच्या गोठ्याकडे गेली. तिथे तिला शेण मिळाले. तिने ते हातात घेतले आणि तशीच उभी राहिली.

तुमच्यापैकी कुणी गुरे राखली असतील तर कळेल. तहानलेल्या गुराचे शेण कोरडे पडते, हातात घेतले तर भुगा होतो. हे मऊ होते, जड होते, बोटांना चिकटत होते.

तो रविवार होता. मंडळी उपासनेला बसली होती. ठकूबाई सारवायचे सोडून त्याच हाताने आत आली, आणि सखारामच्या पुढ्यात शेण ठेवले.

"हात लावून बघा, पंच."

"हे काय, ठके? इथं?"

"निवडुंगाचं शेण असं पडतं व्हय? बैल काय खातो ते मी विचारत न्हाई. काय पितो ते विचारते."

सखारामने हात लावला. शेतकरी माणूस, त्याला दुसऱ्याने समजवायची गरज नव्हती. त्याने भावाकडे पाहिले. गेनू गाणे म्हणत होता, तो मधेच थांबला. त्याच्या गळ्यात पंचा होता आणि त्याला शेवाळाचे डाग होते. या दगडाला तेव्हा शेवाळ होते, म्हणजे डोण ओली राहत होती. सगळ्यांनी एकदम पाहिले.

सखाराम बाहेर गेला, पहार आणली आणि डोणीवर घालू लागला. किती घाव घातले ते कुणी मोजले नाही. चार माणसांनी धरले तेव्हा थांबला. ही भेग त्या पहारीची आहे.

गेनूला वाडीतून काढले. तो पाखऱ्याला घेऊन समोरच्या डोंगरावर गेला. दुसऱ्या दिवशी पंचांनी ठरवले, की रावजीच्या घराचे अडवलेले पाणी परत द्यायचे. सगळ्या घरांनी आपल्यातले काढले आणि सहा तांबे जमवले. सखाराम स्वतः घेऊन गेला.

ठकूबाई दारात आली. म्हणाली, "आम्हा दोघांचे चार परत न्या. चिमीचे दोन द्या."

तिने ते दोन तांबे एका छोट्या कळशीत ओतले, वर थाळी ठेवली आणि कडेने माती लिंपली. कळशी चिमी झोपायची त्या कोपऱ्यात ठेवली. तिला पुढे कितीही तहान लागली तरी तिने ती उघडली नाही. लोक म्हणायचे, बाई भ्रमिष्ट झाली. तसे काही नव्हते. जे चिमीचे होते ते तिने ठेवले होते.

मग झराही बसला. पटकीची साथ आली. अकरा घरांतली माणसे आठवड्यात निम्मी झाली. धडधाकट उरलेले चौघे नदीच्या डोहावर पाणी आणायला गेले. त्यांना येऊन-जाऊन दोन दिवस लागत. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, गेनू डोंगरावरून उतरला.

पाखऱ्या मेला होता. गेनूच्या हाताला त्याचे दावे गुंडाळलेले होते. त्याला पटकी झाली होती, डोळे खोल गेले होते. कुणी त्याला ओट्यावर घेणार नव्हते हे त्याला कळत होते. तो या डोणीपर्यंत आला आणि तिच्यात आडवा झाला. डोण त्याच्याच मापाची निघाली.

मास्तर आले. मागून जी चारदोन माणसे उभी राहू शकत होती ती आली. सखाराम होता.

"काय पाहिजे, गेनू?" मास्तरांनी विचारले.

"बाप्तिस्मा."

सखाराम म्हणाला, "मळला का पंचा पुरता?"

गेनूने सगळे सांगितले, सगळ्यांसमोर. डोणीत ओतलेले पाणी, रावजीचे मागणे, शास्त्रावर ठेवलेला हात, आणि मनात काय म्हणत होता तेही. मी तुम्हाला आतापर्यंत जे सांगितले त्यातले पुष्कळ त्याच्याच तोंडचे आहे. त्याने स्वतःला कुठेच वाचवले नाही. म्हणून मी ते खरे मानतो.

मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "बाप्तिस्मा द्यायचा अधिकार पाळकसाहेबांचा. ते बारा कोसांवर आहेत. मी देतो. साहेबांनी जाब विचारला तर तो मी देईन. पाणी आणा."

कुणी हलले नाही.

"एक ओंजळ," मास्तर म्हणाले.

कुणाच्या घरात घोटभर असेलही. कुणी काढले नाही. प्रत्येकाला ठाऊक होते की वाडीत भरलेली एक कळशी आहे, आणि कुणीही तसे म्हणत नव्हते. शेवटी मास्तर स्वतः ठकूबाईच्या दारात गेले. घर इथेच होते, त्या चिंचेपाशी. इथे बोललेले तिथे ऐकू जाई.

ती आतूनच म्हणाली, "मला एक सांगा, मास्तर. त्याला बाप्तिस्मा मिळाला तर त्याचं समदं धुतलं जाईल?"

"त्याचा पश्चात्ताप खरा आहे. धुतलं जाईल."

"समदं?"

"सगळं."

"चिमीचंबी?"

मास्तरांना खोटे बोलता येत नव्हते. ते म्हणाले, "तेसुद्धा."

"मग तो तिथं जाणार. माझी चिमी हाय तिथं."

"हो."

"त्याला बघून ती भिईल."

इतकी वर्षे उपदेश केलेला माणूस, पण उंबऱ्यावर नुसता उभा राहिला. ठकूबाई म्हणाली, "ते पाणी चिमीचं आहे," आणि तिने दार लोटले.

मास्तर परत आले. गेनूला म्हणाले, "पाणी नाही."

"कुणाकडंच न्हाई?"

"एक कळशी आहे. चिमीच्या दोन दिवसांची. आईनं ठेवली आहे."

गेनूने डोळे मिटले. म्हणाला, "ते नगं. एकदा घेतलं मी ते. ठकूवहिनीला सांगा, तिनं प्यावं."

"अरे, मग बाप्तिस्मा?"

"राहू द्या."

"गेनू, तू कुठं जाणार ते तुला कळतंय का?"

"कळतंय," गेनू म्हणाला. "जिथं जायाचा तिथंच जातोय. मास्तर, तुम्ही इचारलं व्हतं, त्या दिवशी पाणी नसलं तर. मी हसलो व्हतो."

ज्या माणसाने आयुष्यभर मरायच्या दिवसाचा हिशेब धरून ठेवला होता, त्याने त्या दिवशी तो सोडला.

तेव्हा दार उघडल्याचा आवाज आला. ठकूबाई कळशी कडेवर घेऊन आली, मूल घेतात तशी. लोक बाजूला झाले. ती डोणीपाशी बसली, दगडाने लिंपण फोडले आणि थाळी काढली. दोन तांब्यांतले दीड उरले होते.

"भावजी, माझ्याकडं बघा."

त्याने पाहिले.

"मी माफ केलं का ते मला ठावं न्हाई. ते देवाचं काम, तो करंल. मी माझं काम सांगते. तुम्ही तिथं जाणार. मोकळ्या हातानं जाऊ नगा. हे पाणी घेऊन जा. चिमीला सांगा, तुझ्या आईनं धाडलंय."

गेनूने कळशीकडे पाहिले.

"तिथं नदी हाय, मला ठावं हाय. तिला पाण्याची गरज न्हाई. पर ती माझ्यावर रुसून गेलीय. तिला वाटतंय आईकडं व्हतं आन् दिलं न्हाई. तिला सांगा, नव्हतं."

"वहिनी," गेनू म्हणाला, "तिनं इचारलं, एवढा उशीर का झाला, तर?"

"तर खरं सांगा," ठकूबाई म्हणाली.

"सांगीन," गेनू म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पित्याचे, पुत्राचे, पवित्र आत्म्याचे नाव घेतले. पाणी ठकूबाईने ओतले. सखाराम मधेच म्हणाला, "थोडं ठेव, ठके. तुला घोटभर ठेव." तिने थेंब ठेवला नाही. पाणी गेनूच्या केसांतून, कानांवरून डोणीत आले आणि भेगेतून खाली गेले. सगळे उभे होते. ओठ फुटलेली माणसे ती. भेगेतून पाणी मातीत जाताना पाहत होती, आणि कुणी वाकून हात लावला नाही.

गेनू दिवस मावळायच्या आत गेला. खड्डा सखारामने एकट्याने खणला, कुणाला हात लावू दिला नाही. दावे हातातून सुटले नाही, तसेच पुरले.

तुम्हाला वाटत असेल मी आता पाऊस पाडणार. पाऊस आला नाही. तो त्यानंतर सत्तावीस दिवसांनी आला, आणि तोपर्यंत अकरांतली चार घरे उरली होती. एवढे मात्र सांगतात, की भेगेखालची माती त्या उन्हात तीन दिवस ओली होती. मी पाहिले नाही. ज्यांनी सांगितले ती माणसे खोटे बोलणारी नव्हती.

पाळकसाहेबांनी पुढे मास्तरांना विचारले म्हणे, "कुणाच्या अधिकाराने बाप्तिस्मा दिलास?" मास्तर म्हणाले, "पाणी जिचं होतं तिनं दिलं." साहेबांनी पुन्हा विचारले नाही. मंडळीच्या वहीत गेनूचे नाव चढवले.

दोन वर्षांनी सखारामला नातू झाला. तोवर त्याने ठकूबाईच्या समोर जायचे टाळले होते. ती आली की हा रस्ता बदलायचा. नातवाच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला बोलावले नाही. तोंड नव्हते. आडाला तेव्हा भरपूर पाणी होते, पाळकसाहेब आले होते, पोराला डोणीवर धरले होते. आणि ठकूबाई तीच कळशी घेऊन आली. न बोलावता. ती सखारामपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी आणलंय. उशीर झाला."

सखाराम कधी रडलेला कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशीही मोठ्याने रडला नाही. हनुवटी हलत होती असे सांगतात. मग म्हणाला, "आलं ना. घाला."

तीच आमची रीत झाली. फुटक्या डोणीत मुलाच्या बाप्तिस्म्याचे पाणी त्याच्या घरचे चालत नाही, देवळातलेही चालत नाही. ज्या घराशी वाकडे असेल त्या घरून यावे लागते. आम्ही जाऊन मागायचे नाही, त्यांनी आपणहून आणायचे. ते आणतात आणि म्हणतात, पाणी आणलंय, उशीर झाला. आम्ही म्हणतो, आलं ना, घाला. बाकी कुणी काही बोलायचे नाही. मागच्या वर्षी तुमच्यासारख्या एका पाहुण्याने विचारले, कुणाशीच वाकडे नसेल तर? मी म्हटले, तुम्ही महिनाभर इथे राहून बघा.

दुसरी गोष्ट. आमच्यात बाप्तिस्मा लांबवत नाहीत. उद्या बघू असे कुणी म्हटले तर त्याला म्हातारी माणसे एवढेच विचारतात, आणि पाणी नसले तर?

सखाराम माझ्या आज्याचा आजा. गेनू त्याचा भाऊ. म्हणून ही गोष्ट मी सांगतो. दुसऱ्याने सांगितली तर तो गेनूला तरी राक्षस करतो, नाहीतर सखारामला संत. आमच्या घरातले दोघे आणि त्यांच्या चुका, त्या आम्हीच सांगाव्यात. माझ्या नातवाच्या वेळी माझा चुलतभाऊ पाणी घेऊन आला. एकोणीस वर्षे आम्ही एकमेकांच्या दारातून गेलो नव्हतो. कशावरून ते तुम्हाला सांगायचे कारण नाही. तो म्हणाला, उशीर झाला. मला जे म्हणायचे असते ते मी म्हटले.

ठकूबाई पुष्कळ वर्षे जगली. तिची माती चिमीशेजारी आहे, आणि चिमीच्या पायाशी गेनूची. तिथे कुणाची नावे नाहीत, तीन दगड आहेत. मरताना तिने मास्तरांना विचारले नाही, की चिमीला निरोप मिळाला असेल का. तिने नुसते सांगितले, मी जाऊन विचारते.

आजही बाप्तिस्मा झाला की कुणी लगेच घरी जात नाही. भेगेखाली माती ओली होते ना, ती वाळेपर्यंत मंडळी इथेच उभी राहते, म्हातारीकोतारी सुद्धा. ही मागे उभी आहेत ना, ती त्यासाठीच. त्या मातीवर पाय ठेवायचा नाही. तुम्ही आता उभे आहात तिथून एक पाऊल मागे या. सकाळीच एका पोरीचा झाला आहे.